बोटीच्या पोटातली वाट

मुंबईच्या हार्बर लाइनवर रे रोड नावाचं एक साधंसं स्टेशन आहे. पूर्वेच्या बाजूला उतरायचं आणि ट्रकांच्या गर्दीतून, लोखंडाच्या पत्र्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत समुद्राकडे चालू लागायचं. या भागाला म्हणतात दारुखाना. नाव ऐकून आईबाबांनी भुवया उंचावायला नकोत! ही दारू म्हणजे तोफेची, बंदुकीची दारू. तो जमाना गेला, नाव मात्र राहिलं. आता इथे दारूगोळा नाही, पण जुन्या जहाजांचं सामान मात्र खच्चून भरलेलं आहे. माणसापेक्षा उंच नांगर, मांडीएवढ्या जाड साखळ्या, गोल काचेच्या खिडक्या. रस्त्याच्या कडेला एक जहाजाचं दार नुसतंच उभं होतं. पुढे ना भिंत, ना मागे खोली!

गेल्या ऑगस्टमध्ये मी इथल्या एका धक्क्यावर गेले होते. पाऊस रिपरिपत होता. धक्क्यावर लाकडी ठोकळ्यांच्या आधाराने एक पांढरी बोट उभी होती आणि तिच्यावर निळी ताडपत्री पांघरलेली होती. लांबी पंचेचाळीस फूट. बोट पाण्यात असते तेव्हा आपल्याला तिचा वरचा अर्धाच भाग दिसतो. जमिनीवर उभी असली की खालचं पोट, पंखे, सुकाणू सगळं दिसतं, आणि ती एकदम दुप्पट मोठी वाटू लागते.

ही होती मोटर यॉट. म्हणजे शिडावर नव्हे, इंजिनावर चालणारी हौशी सफरीची बोट. 'यॉट' हा शब्द मूळचा डच भाषेतला. त्याचा अर्थ शिकार किंवा पाठलाग. डच लोकांच्या चपळ, हलक्या पाठलागाच्या बोटींना हे नाव होतं. मग ते श्रीमंतांच्या सफरीच्या बोटींना चिकटलं. आपल्या मुंबईतही हे प्रकरण काही नवं नाही. अपोलो बंदरावरचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ साली स्थापन झालेला आहे. गेटवे ऑफ इंडिया तर त्याच्यापुढे लहानच. ते बांधून झालं १९२४ साली. गेटवेसमोर पाण्यात डुलणाऱ्या पांढऱ्या बोटी तुम्ही पाहिल्या असतील. पावसाळा आला की समुद्र खवळतो. मांडव्याला जाणाऱ्या लहान लाँचसुद्धा बंद होतात. मग अशा कितीतरी बोटी पाण्याबाहेर काढून त्यांची डागडुजी करतात.

या बोटीची डागडुजी जरा निराळी होती. तिच्या पोटातली सगळी वायरिंग काढून नवी घालायची होती.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आमच्या घरी नाही का वायरमन येत! मलाही ऐकताना तसंच वाटलं होतं. पण शिडीने वर चढले आणि पहिलीच सूचना मिळाली.

"ताई, चपला खालीच काढा. आणि डोकं सांभाळा."

हे होते वायरिंगचे मेस्त्री. वय साठीच्या आसपास, मूळचे रत्नागिरीकडचे. हाताखाली त्यांचा भाचा. तो नुकताच आयटीआय पास झालेला, शिडशिडीत, आणि लांब हातांचा. ते लांब हात किती मोलाचे आहेत ते पुढे कळलं.

बोटीच्या आत शिरलं की आगगाडीच्या डब्याची आठवण होते. मधोमध बसायची खोली, पुढे दोन झोपायच्या खोल्या, एक चिमुकलं स्वयंपाकघर, त्याहून चिमुकला संडास. इंचभर जागा वाया गेलेली नाही. बाकाखाली कप्पा, पायरीखाली कप्पा, आरशामागेही कप्पा! भिंती लाकडी फळ्यांच्या आणि छताला मऊ अस्तर. वायर कुठेच दिसत नाही. कारण ती सगळी या सुंदर फळ्यांच्या मागे, बोटीच्या खऱ्या भिंतीला लागून पळत असते. घरात भिंत फोडून पाइप बसवता येतो. इथे बोटीची भिंत फोडली तर समुद्र आत! म्हणून आहे त्या फटींमधूनच वाट शोधायची.

मेस्त्रींनी छताची एक पट्टी काढून दाखवली. तिच्या मागे जुन्या वायरींचं जंजाळ होतं. लाल, काळ्या, हिरव्या, रंग उडालेल्या, टेप गुंडाळलेल्या. बोटीला पंचवीस वर्षं झालेली. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी एखादा पंखा वाढवला, कुणी टीव्ही बसवला, कुणी गाण्यांचा डबा. प्रत्येकाने आपली वायर कशीतरी घुसवली आणि जुनी तशीच सोडली. "हे बघा," म्हणत त्यांनी एक तुकडा माझ्या हातात दिला. वायरचं आवरण एका जागी घासून गेलं होतं आणि आतलं तांबं हिरवट काळं पडलेलं. शेजारचं लाकूड कोळशासारखं झालं होतं. तळहाताएवढा काळा डाग.

"आग लागली होती?" मी विचारलं.

"लागायला निघाली होती. कुणाला कळलं नाही, एवढंच."

ही बोट मालक प्रवाशांना भाड्याने देतात. सुट्टीत वीस-बावीस माणसं असतात, त्यात लहान मुलं. घरात आग लागली तर आपण रस्त्यावर पळतो, अग्निशमन दलाला फोन करतो. समुद्रात पळणार कुठे? म्हणून बोटीवरच्या वायरमनचं काम नुसतं दिवा लावण्याचं नसतं.

मेस्त्रींनी खिशातून आणखी एक वस्तू काढली. जुन्या बोर्डातला फ्यूज. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. वीज जास्त वाहू लागली की तो आधी वितळतो आणि वायर वाचते. नीट वाचा बरं का : दिवा नव्हे, वायर! पुष्कळ मोठ्या माणसांनाही वाटतं की फ्यूज उपकरणासाठी असतो. या फ्यूजमध्ये मात्र बारीक तारेऐवजी तांब्याच्या तारेचे चार पदर पिळून घातले होते. तो कधी वितळलाच नसता. त्याच्याऐवजी वायर वितळली असती, आणि तीही कुणाला न दिसणाऱ्या जागी.

"आता प्रत्येक वायरीला तिच्या जाडीप्रमाणे फ्यूज," मेस्त्री म्हणाले. "आणि मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. वीतभर अंतरात. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कुणीच वाली नसतो, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी."

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. आपल्या घरात वीज येते २३० व्होल्टची. या बोटीवर दिवे, पंप, होकायंत्राचा दिवा हे सगळं चालतं २४ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर. व्होल्ट कमी म्हणजे काम सोपं, असं वाटतं ना? उलटं आहे. तेवढंच काम करायला कमी व्होल्टमध्ये जास्त प्रवाह लागतो. नांगर उचलणारी १००० वॉटची मोटर घ्या. घरच्या विजेवर ती साडेचार अँपिअरही घेणार नाही. २४ व्होल्टवर तीच मोटर सुमारे ४२ अँपिअर घेते! म्हणून तिच्या वायरी बोटभर जाड.

आणि वाटेत गळती होते ती वेगळीच. पाण्याच्या लांब, बारीक नळीतून शेवटी धार बारीक येते, तसंच विजेचं. बोटीच्या तळाशी साठलेलं पाणी बाहेर फेकणारा एक पंप असतो. हा होता १२० वॉटचा, म्हणजे ५ अँपिअर घेणारा. मागच्या बॅटरीपासून पुढच्या पंपापर्यंत वायरीची वाट १६ मीटर. जाऊन परत यायचं, म्हणून ३२ मीटर. घरातल्या प्लगला चालते ती अडीच चौरस मिलिमीटरची वायर वापरली, तर वाटेतच १.१२ व्होल्ट खर्च होतात. घरच्या २३० मध्ये एवढे गेले तर अर्धा टक्काही नाही. पण २४ मधले गेले म्हणजे जवळजवळ पाच टक्के! पंप मंद चालणार, आणि तोही नेमका बोटीत पाणी शिरत असताना. महत्त्वाच्या कामांसाठी तीन टक्क्यांच्या वर गळती नको, असा बोटींवरचा रिवाज आहे. चार चौरस मिलिमीटरची वायर घेतली की गळती ०.७ व्होल्टवर येते, तीन टक्क्यांच्या किंचित आत. भाच्याने हा हिशेब खडूने फळीवर मांडला होता. आठवी-नववीतल्या मुलांनी ओहमचा नियम घेऊन तो ताडून पाहावा. तांब्याच्या एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड तारेचा रोध ०.०१७५ ओहम धरायचा.

वायरही निराळी होती बरं! घरच्या वायरीत बऱ्याचदा मोजक्याच, जाडसर तारा असतात. बोट दिवसभर थरथरते. इंजिन थरथरतं, लाटा आपटतात. जाड तार वाकून वाकून तुटते. म्हणून इथे केसासारख्या बारीक शेकडो तारांची लवचीक वायर घेतात. शिवाय प्रत्येक तारेला कथलाचा मुलामा. आपल्या पितळी भांड्यांना पूर्वी कल्हई करायचे ना, तसाच! खारी हवा तांब्याला खाते. कल्हई केलेल्या तांब्याला ती लवकर शिवत नाही.

बरं, वायर न्यायची कुठून? मला वाटलं, सरळ तळातून. सगळ्यात जवळची वाट. मेस्त्री हसले. तळाला पाणी साठतं, तेल साठतं, घाण साठते. वायर नेहमी उंचावरून न्यायची आणि पंपाजवळ आल्यावरच खाली उतरवायची. उतरवतानाही तिला एक झोळ द्यायचा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं, जोडात शिरत नाही. इंजिनाच्या खोलीत धुराच्या नळ्यांपासून दूर राहायचं. नळीची आच वायरीचं आवरण मऊ करते. आणि घरच्यासारखी २३० व्होल्टची जी एक वायर धक्क्यावरून बोटीत येते, तिला या वायरींपासून वेगळी वाट. शेजारीशेजारी नांदायचं नाही!

शिवाय एक भानगड होकायंत्राची. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात हॅन्स ओरस्टेडचं नाव आलं असेल. १८२० साली त्याच्या लक्षात आलं की तारेतून वीज गेली की जवळची चुंबकसूची हलते. तो शोध फार मोठा, पण तांडेलाला तो डोकेदुखी! होकायंत्राजवळून वायर गेली आणि दिवा लावला की उत्तर दिशाच सरकते. रात्रीच्या अंधारात दिवा लावून निघायचं मांडव्याला आणि बोटीचं तोंड भलतीकडेच. त्यावर उपाय साधा आहे. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा एकमेकींना पिळून न्यायच्या. दोघींतून प्रवाह उलट दिशांनी वाहतो, म्हणून एकीचा परिणाम दुसरी पुसून टाकते. घरी करून पाहा. एक पेन्सिल सेल, टॉर्चचा छोटा बल्ब, वायर आणि एक होकायंत्र. आधी एकच तार सूचीवरून न्या, मग दोन्ही तारा पिळून न्या. फक्त सेलवर हं, भिंतीतल्या प्लगवर चुकूनही नाही!

दुपारी खरं काम सुरू झालं. पुढच्या पंपाची वायर ओढायची होती. बोटीच्या लांबीत तीन आडभिंती होत्या. प्रत्येकीला भोक पाडून कडेला रबराची कडी बसवलेली, म्हणजे वायर कापली जाणार नाही. सगळ्यात पुढच्या भिंतीतलं भोक तर वायर गेल्यावर पक्कं बुजवायचं होतं. बोटीची नाळ कशावर आदळली तर पाणी त्या भिंतीपाशीच अडावं, म्हणून ती भिंत असते. वायरीसाठी पाडलेलं भोक उघडं ठेवलं तर भिंत असून नसल्यासारखी.

आधी आत सरकवली पोलादाची लवचीक पट्टी. तिच्या टोकाला दोरी, दोरीला वायर. एका टोकाला मेस्त्री, दुसऱ्या टोकाला संडासातल्या कपाटात डोकं आणि अख्खा हात घालून आडवा पडलेला भाचा. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते! वायर सरकावी म्हणून तिला शंखजिऱ्याची पूड लावलेली. तेल लावत नाहीत, तेलाने आवरण खराब होतं.

"सोड... सोड... थोडी अजून..."

"मामा, अडकली!"

"ओढू नकोस. मागे घे."

मागे घेतली, पुन्हा पुढे. पुन्हा अडकली. भाच्याने जरा हिसका दिला आणि वायर सुळ्ळकन पुढे आली. त्याने आनंदाने आरोळी ठोकली. मेस्त्री मात्र गप्प. "सगळी बाहेर काढ," ते म्हणाले.

भाच्याचं तोंड उतरलं. अर्धा तास गेला होता. पण त्याने काढली. मेस्त्रींनी बोटांच्या चिमटीतून ती हळूहळू सरकवली, आंधळा माणूस वाचतो तशी. नऊ मीटरवर त्यांची बोटं थांबली. आवरणावर बोटभर लांबीचा ओरखडा. आत तांब्याची चमक दिसत होती. कपाटाच्या कडीचा एक स्क्रू पलीकडून लांब निघाला होता आणि त्याच्या टोकाने हे केलं होतं.

"टेप मारूया की मामा. दिसणार पण नाही."

"दिसणार नाही, तेच तर. तिथे परत हात कुणाचा पोचणार?"

मधल्या, झाकलेल्या जागेत जोड द्यायचा नाही हा त्यांचा नियम. जोड द्यायचाच तर जिथे झाकण उघडून पाहता येईल तिथे. त्यामुळे सोळा मीटरचा तो तुकडा बाद. म्हणजे पंपाला बाद. त्यातून आखूड वाटेच्या दोन दिव्यांच्या वायरी निघणार होत्या. पण नवा तुकडा दुकानातून आणायला हवा, ते दुकान लोहार चाळीत, आणि घड्याळात चार वाजलेले. त्यातच मालकांचा फोन आला. नारळी पौर्णिमेला तीनच दिवस उरले होते. या धक्क्याला एरवी पाणी बेताचं असतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणालाच भरती इतकी चढते की क्रेनने बोट पाण्यात सोडता येते. ते उधाण चुकलं तर पंधरा दिवस थांबा. मालक काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मेस्त्रींचं बोलणं ऐकू आलं : "होय साहेब. पंप सोडून बाकी सगळं झालंय. पंपाशिवाय बोट सोडायची तर तुमच्या जबाबदारीवर सोडा." पलीकडे थोडा वेळ शांतता असावी. मग मेस्त्रींनी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि भाच्याला स्टेशनकडे पिटाळलं.

तो परत येईपर्यंत आम्ही चहा घेतला. ताडपत्रीच्या कडेने समोरची खाडी, जहाजं आणि धुक्यात पुसट घारापुरी दिसत होती. घारापुरीची लेणी सगळ्यांना ठाऊक असतात. पण त्या बेटावरच्या राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या तीन गावांना कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, हे ठाऊक आहे का? समुद्राच्या तळाखालून साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून! त्याआधी जनरेटरवर संध्याकाळचे काही तासच काय तो उजेड. मुंबईचा झगमगाट समोर दिसतोय आणि आपल्याकडे अंधार, असं तिथल्या मुलांनी किती वर्षं पाहिलं असेल. मेस्त्री म्हणाले, "ती वायर ओढणारी माणसं खरी. आमची सोळा मीटर आहे."

भाचा आला तेव्हा अंधार पडला होता. तोवर मेस्त्रींनी स्क्रू काढून आखूड बसवला होता आणि त्या कोपऱ्यात रबराची पट्टी चिकटवली होती. या वेळी वायर एकदाही न अडता गेली. मग ती दर वीत-दीड वितीवर पट्ट्यांनी आवळली. टोकांना थिंबल दाबून बसवले. त्यांच्यावर एक नळी चढवली. ती गरम केली की आक्रसते आणि आतला गोंद वितळून जोड पाणीबंद होतो. दोन्ही टोकांना एकच आकडा : १४. वहीत १४ समोर लिहिलं, 'पुढचा पंप, डावी बाजू, छताखालून'. लाल तार अधिक, पिवळी उणे. काळी मुद्दामच घेतली नव्हती, २३० व्होल्टच्या तारेशी गोंधळ नको म्हणून.

मग तपासणी. नाजूक यंत्रं सोडवून ठेवून मेगरने आवरणाची परीक्षा झाली. नंतर दिवे. अंधारात ते फार छान दिसले. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा. जगभर हाच नियम आहे. लाल आणि हिरवा दिवा प्रत्येकी ११२.५ अंशांच्या कोनातून दिसतो, मागचा पांढरा १३५ अंशांतून. बेरीज करून पाहा! समोरून येणाऱ्या बोटीचा लाल दिसतो की हिरवा, यावरून ती कुठे निघालीय ते तांडेलाला कळतं.

शेवटी पंप. त्याच्याजवळ एक तरंगता गोळा असतो, आपल्या संडासाच्या टाकीत असतो तसा. पाणी चढलं की गोळा वर येतो आणि पंप आपोआप सुरू होतो. बोटीत कुणी नसलं, सगळे झोपलेले असले, तरीही. भाच्याने बादलीभर पाणी तळात ओतलं. गोळा डुलला, वर आला. घर्रर्र असा आवाज झाला आणि बोटीच्या कुशीतल्या भोकातून पाण्याची जाड धार खाली धक्क्यावर पडली. मेस्त्रींनी मीटर लावून पाहिलं. २४.९ व्होल्ट बॅटरीपाशी, २४.२ पंपापाशी. फळीवरचा खडूचा आकडा आणि हा, अगदी जुळले. भाचा माझ्याकडे बघून हसला.

फळ्या परत लावायच्या आधी एक काम उरलं होतं. वायर ओढायला वापरली होती तशीच एक नवी नायलॉनची दोरी मेस्त्रींनी त्याच वाटेने, बॅटरीपासून नाळेपर्यंत, नुसतीच घालून ठेवली. दोन्ही टोकांना गाठ मारली आणि प्लास्टिकच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'ओढायची दोरी. काढू नये.' दहा-पंधरा वर्षांनी कुणाला तरी या बोटीत आणखी एक वायर न्यावी लागेल, तेव्हासाठी. मग भाचा पुन्हा कपाटात शिरला आणि आतून त्याचा आवाज आला, "मामा, स्क्रू द्या. आखूडवाला."